संधिवाताचं क्लिनिक आणि दाराला गोल नॉब (पाचपैकी चार स्टार)

आधी तक्रार सांगून टाकते म्हणजे मन मोकळं होईल. क्लिनिक संधिवाताचं, येणारे सगळे बोटं सुजलेले, मनगटं धरून बसलेले, आणि डॉक्टर मॅडमच्या केबिनच्या दाराला काय लावलंय तर गोल स्टीलचा नॉब. मुठीत धरून पिळायचा. पहिल्या दिवशी मी त्या नॉबसमोर उभी, दोन्ही तळहातांच्या मधे तो धरून, नमस्कार केल्यासारखा फिरवायला बघतेय, तर मागून एक आजोबा म्हणतात, "बेटा, कोहनी से धक्का दो, पूरा बंद नहीं होता." म्हणजे पेशंट लोकांनी आपापसात तोडगा काढून ठेवलाय आणि क्लिनिकला पत्ताच नाही. एक स्टार तिथेच कापला.

बाकीचे चार का दिले ते जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी इंदूरच्या तिलक नगरची, वय ५१. दुखणं सुरू झालं ४७व्या वर्षी. आधी उजव्या हाताची पहिली दोन बोटं मुळाशी सुजली, अंगठी निघेना, मग तेच डाव्या हाताला, मग पायाचे चवडे. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खडीवर उभं राहिल्यासारखं. लाटणं धरवेना. एकदा सांडशीत दुधाचं पातेलं धरलं, मनगटानं ऐनवेळी दगा दिला आणि दीड लिटर दूध ओट्यावरून खाली, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांनी फडकं घेतलं ते बघूनच मला रडू आलं. एका हाडांच्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी एक्सरे काढला, एक्सरे एकदम साफ, म्हणाले इस उमर में होता है, कॅल्शियम खाओ. (नंतर कळलं की हा आजार सुरुवातीला एक्सरेत दिसेलच असं नाही. सूज आतल्या अस्तराला असते आणि एक्सरे बघतो हाड.)

मग औषधाच्या पुड्या. हे लिहायची लाज वाटते पण लिहिते कारण आपल्यापैकी किती जणी खात असतील देव जाणे. कोणाच्या तरी मावशीला फरक पडला म्हणून आम्ही पण गेलो, कागदाच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ मधातून. तिसऱ्या दिवशी चमत्कार! त्या होळीला मी एकटीनं पुरणपोळ्या केल्या, सव्वीस मोजून. दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, हे म्हणाले तब्येत सुधारली तुझी, मलाही तेच वाटलं. मग शुगर वाढलेली निघाली, घाबरून मी एका दिवसात पुड्या बंद केल्या आणि चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, बीपी खाली, दोन दिवस सलाइन. हे सगळं का झालं ते मला इथे या क्लिनिकमध्ये आल्यावर समजलं, त्याच्यावर खाली येतेच.

तर पहिली व्हिजिट. मॅडमच्या आधी एक ज्युनियर डॉक्टर मुलगा बसतो, तो सगळी हिस्टरी लिहून घेतो. मी बोटं पुढे केली तर तो विचारतो, आंटी, पाळी कधी सुरू झाली होती, बंद कधी झाली, मुलं किती, बाळंतपणानंतरच्या दोन-चार महिन्यांत हात-पाय दुखले होते का, अंगातून वाफा कधीपासून, थायरॉइड आहे का. हे शेजारच्या खुर्चीत, त्यांनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये डोकं घातलं, कुठल्या तरी औषध कंपनीचं, कधीचं जुनं पान, तरी एवढं मन लावून वाचत होते की जणू पुढच्या वर्षीची दिवाळी ठरवायचीय. मी म्हटलं, बेटा मी बोटांसाठी आलेय. तो म्हणाला, "इसी से जुड़ा है आंटी, मॅडम बताएंगी."

तोपर्यंत हे प्रश्न कोणीच विचारले नव्हते. आणि माझी पाळी जायला लागली आणि बोटं सुजायला लागली ते एकाच वर्षातलं, हे मला माहीत होतं ना, पण आपण कोणाला सांगणार, हाडांच्या डॉक्टरला?

मॅडम हिंदीच बोलतात, पण सासूबाई बरोबर असल्या की "काय आजी, कशा आहात" एवढं मराठी येतं त्यांना. घाई करत नाहीत, हा त्यांचा गुण आणि बाहेर बसलेल्यांसाठी तोच अवगुण. त्यांनी माझं प्रत्येक बोट मुळाशी चिमटीत दाबून पाहिलं, दोन्ही हात, कोपर, खांदे, गुडघे, असे २८ सांधे मोजतात म्हणे आणि त्यातले किती दुखरे किती सुजलेले त्याचा आकडा काढतात. रक्त तपासलं, अँटी सीसीपी (या आजाराची खूण सांगणारी अँटिबॉडी) भरपूर वाढलेलं, सीआरपी (अंगातली सूज दाखवतं ते) वाढलेलं. निदान रूमॅटॉइड आर्थरायटिस. मी विचारलं हे म्हातारपणाचं आहे का, तर म्हणाल्या नाही, झीज वेगळी आणि हे वेगळं, यात शरीराची रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यावर उठते.

मग मी विचारलं की पाळीचा काय संबंध. इथून पुढचं मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांनी कागदावर बाण काढून समजावलं होतं आणि तो कागद मी अजून फाइलला लावून ठेवलाय.

हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो. ल्युपस नावाचा याच घराण्यातला आजार तर दहा पेशंटांत नऊ बाया. रक्तातल्या ज्या पेशी रोगाशी लढतात त्यांच्यावर बायकी हार्मोनचे, म्हणजे इस्ट्रोजेनचे संदेश घेणारे कप्पे असतात, प्रोजेस्टेरॉनचे (हेही बायकी हार्मोन), पुरुषी हार्मोनचे, कॉर्टिसोलचे (ते सूज विझवणारं, त्याच्यावर पुढे येते) पण असतात. म्हणजे हार्मोन फक्त पाळी आणि मुलं यांच्यापुरतं नाही, ते सैन्याला पण हुकूम देतं. पुरुषी हार्मोन साधारणपणे सैन्याला शांत ठेवतं. आणि इस्ट्रोजेनची गंमत अशी की ते दोन्हीकडून बोलतं. रोजच्या प्रमाणात असताना अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना ते जोर देतं, म्हणून बायकांच्या शरीरात लशीची अँटिबॉडी पण जास्त बनते, आणि चुकून स्वतःविरुद्ध बनायची शक्यताही वाढते. पण तेच खूप वाढलं, गरोदरपणात वाढतं तसं, की सूज पेटवणारी जी रसायनं आहेत, टीएनएफ, आयएल-६ वगैरे, त्यांना खाली दाबतं. आणि पाळी जाताना ते खाली येतं तेव्हा तो दाब पण जातो. ज्यांची पाळी लवकर जाते त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो असंही त्या म्हणाल्या.

मला हे आमच्या घरावरून कळलं. सासूबाई घरात असतात तेव्हा कुरकुर पण त्यांचीच आणि वळण पण त्यांचंच. एकदम महिनाभर देवासला नणंदेकडे गेल्या की पहिले चार दिवस मोकळं वाटतं आणि मग जेवणाच्या वेळा, दूधवाला, मुलांचं झोपणं, सगळ्याचा गोंधळ. (आई हे वाचणार नाहीत, त्यांचा मोबाइल बटणाचा आहे.)

मी लगेच म्हटलं, मग हार्मोनचीच गोळी द्या ना. मॅडम हसल्या. म्हणाल्या अंगातून वाफा फार होत असतील, झोप येत नसेल तर त्यासाठी हार्मोनची गोळी द्यायची की नाही ते गायनॅक बघतील, त्याचं वेगळं गणित असतं, पण ती संधिवाताची ट्रीटमेंट नाही, त्यानं सांधे थांबतील या भरवशावर राहायचं नाही. एक कमी झालं म्हणून तेवढं भरून टाकलं की झालं असं ते नाही, हार्मोन हे अनेक धाग्यांतला एक धागा आहे, आनुवंशिक आहे, तंबाखू-सिगारेट आहे, हिरड्यांचा आजार आहे. मला हे आवडलं. दुसरं कोणी असतं तर "हार्मोन बॅलन्स पॅकेज" म्हणून वीस हजारांचं काहीतरी गळ्यात मारलं असतं, इंदूरमध्ये काय कमी आहेत असे?

आता सकाळचं. ज्युनियर मुलानं विचारलं सुबह की अकड़न कितनी देर रहती है. आता सकाळी घड्याळ कोण बघतं! मी म्हटलं बेटा, मी सहाला उठते, साडेसातला कचरा गाडी येते, तेव्हा मला ओला-सुका कुठलाच डबा उचलवत नाही, मुलाला हाक मारावी लागते, आणि गाडी गेल्यावर तासाभरानं कुठे मूठ वळते. त्यानं शांतपणे फाइलमध्ये लिहिलं, "कचरा गाड़ी + १ घंटा". तेव्हापासून मॅडम दर वेळी तेच विचारतात, गाड़ी के पहले या बाद? सगळ्या शहरात सकाळी गाडीचं गाणं वाजतं, तर इंदूरच्या पेशंटसाठी यापेक्षा चांगलं माप कुठलं.

आणि सकाळीच का? हे तर मला फारच पटलं. आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत बनतं, ते सूज विझवतं. मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळ्यात कमी असतं, पहाटे दोन-तीननंतर चढायला लागतं आणि उठायच्या सुमारास सगळ्यात वर. पण सूज पेटवणारी आयएल-६ वगैरे मंडळी रात्रीच जोर धरतात आणि पहाटे त्यांचा कळस होतो. निरोगी माणसात दोघांचं जमून जातं, आपल्यात आग मोठी आणि पाणी त्या मानानं अपुरं, म्हणून पहाट वाईट. परदेशात म्हणे स्टेरॉइडची, म्हणजे कॉर्टिसोलसारख्याच औषधाची, अशी एक गोळी निघाली की रात्री दहाला घ्यायची आणि ती पोटात चार तासांनी, दोनच्या सुमारास उघडते, २००८ मध्ये तिचा अभ्यास छापून आला होता आणि सकाळचा ताठरपणा खरंच कमी झाला होता. मला तशी काही दिली नाही, मला त्याच जातीची साधी प्रेडनिसोलोन, लहान डोस, सकाळी नाश्त्यानंतर, आणि तीही काही महिन्यांपुरती, मुख्य गोळीचा, म्हणजे आठवड्याच्या मेथोट्रेक्सेटचा, असर यायला दोन-तीन महिने लागतात तोपर्यंतचा पूल म्हणून.

स्टेरॉइड म्हटल्यावर मी खुर्चीतून उठायलाच लागले होते. मॅडम म्हणाल्या बसा. मग त्यांनी पुड्यांचं विचारलं. चेहरा गोल, शुगर, तिसऱ्या दिवशी चमत्कार, बंद केल्यावर चौथ्या दिवशी सलाइन, सगळं ऐकून म्हणाल्या, त्यात स्टेरॉइडच असणार. म्हणजे ज्याच्या नावानं मी घाबरत होते ते मी दोन महिने मधातून, किती ते न मोजता, चाटत होते! स्टेरॉइड हे त्या कॉर्टिसोलचंच भावंड. बाहेरून भरपूर यायला लागलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी म्हणते चला, आपल्याला सुट्टी, आणि झोपून जाते. तुम्ही एका दिवसात बंद केलं की बाहेरचं पण नाही आणि आतलं पण नाही, माणूस आडवा. म्हणून डॉक्टर ते पायरी-पायरीनं उतरवतात. आता माझ्या फाइलवर मोठ्या लाल अक्षरात लिहिलंय की ही गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

त्या दिवशी मॅडमनी एक गोष्ट सांगितली, बाहेर बारा पेशंट बसलेले असताना. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच म्हणून डॉक्टर होते. १९२९ मध्ये त्यांना एका संधिवाताच्या पेशंटमध्ये दिसलं की त्याला कावीळ झाली आणि सांधे शांत झाले. मग लक्षात आलं की गरोदर बायकांचे पण सांधे शांत होतात. म्हणजे अशा वेळी शरीर स्वतःच काहीतरी औषध बनवत असणार. तिथेच एडवर्ड केंडल अ‍ॅड्रिनल ग्रंथीतले पदार्थ वेगळे काढत होते, त्यातलं एक १९४८च्या सप्टेंबरात एका २९ वर्षांच्या बाईला टोचलं, जिला धड चालता येत नव्हतं, आणि थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. तेच कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन म्हणून आणखी एक, तिघांना नोबेल. मग लोकांनी मोठमोठ्या डोसमध्ये दिलं आणि चेहरे गोल, हाडं ठिसूळ, सगळं समोर आलं. मॅडम म्हणाल्या तुमच्या पुड्यावाल्यानं गोष्टीचा अर्धा भागच वाचला.

आता ज्या भागासाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं तो.

माझी धाकटी जाऊ, वय ३१, तिलाही हाच आजार, माझ्या आधीपासून, पण तिनं माहेरी पुण्याला दाखवलेलं होतं आणि इकडे आल्यावर नुसत्या पेनकिलरवर चाललेलं. (दोन जावांना एकच आजार, आमचं रक्ताचं नातं पण नाही, आई म्हणतात आपल्या घराच्या पाण्यातच काहीतरी आहे.) मी तिला इथे आणलं. पहिलाच प्रश्न, मूल हवंय का, केव्हा? कारण तिला जी आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू करायची होती ती गरोदरपणात चालत नाही, बाळाला धोका. वर्षभर तिनं ती घेतली, आजार आटोक्यात आला, मग मॅडमनी तीन महिने आधी ती बंद करून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि सल्फासलाझिनवर ठेवलं, ज्या गरोदरपणात चालतात, बरोबर फॉलिक अ‍ॅसिड. सगळं तारखेसकट लिहून दिलं. तिच्या नवऱ्याला पण समोर बसवून सांगितलं, हे महत्त्वाचं, नाहीतर आमच्याकडे पुरुष लोक केमिस्टकडून गोळ्या आणण्यापुरते.

दिवस राहिल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पोरगी अशी खुलली म्हणून सांगू. सकाळी उठून स्वतः पोहे करायची, वरून जीरावण (आमचा इंदुरी मसाला) टाकायला पण चिमूट वळायची. लग्नात तिला चुडा भरताना कासार बाईनं साबण लावून, तेल लावून, शेवटी दोन नंबर मोठ्या बांगड्या घातल्या होत्या कारण बोटांची मुळं सुजलेली, मनगटावर त्या नुसत्या खळखळायच्या. डोहाळजेवणाला तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या हातातून एका झटक्यात सरकल्या. ती माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे, आणि बाकीच्या बायकांना काही कळलंच नाही की ह्या दोघी बांगड्या बघून का रडतायत.

मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. पोटातलं बाळ अर्धं बापाचं असतं, म्हणजे शरीराच्या दृष्टीनं अर्धं परकं, त्याला सांभाळायचं तर रक्षण यंत्रणेला जरा नमतं घ्यावं लागतं, आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसोल तिन्ही वाढलेले असतात. जुन्या डॉक्टरांना वाटायचं की पाऊण बायकांना आराम पडतो, आता नीट मोजलं तर निम्म्या ते साठ टक्क्यांना पडतो, म्हणजे सगळ्यांना नाही. आणि दुसरी गोष्ट पण तेव्हाच सांगितली, बाळंतपणानंतर उलटू शकतं, पहिल्या तीन-चार महिन्यांत. सातव्या महिन्यातच त्यांनी पुढची अपॉइंटमेंट लिहून दिली, डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांनी. आम्हाला वाटलं कशाला, आता तर बरी झाली.

पाचव्या आठवड्यात तिला बाळाचं डोकं मनगटावर पेलवेना. पहाटेच्या फीडला मी तिच्या खोलीत जाऊन बाळ उचलून तिच्या मांडीवर उशीवर ठेवायची, माझी पण बोटं ताठ, दोघी जणी मिळून एक माणूस. आई म्हणाल्या बाळंतपणात वारा लागला, कान बांधले नाहीत म्हणून सांगत होते. अपॉइंटमेंटला आई पण आल्या आणि त्यांनी हे मॅडमना ऐकवलंच. मला वाटलं आता मॅडम हसतील. त्या म्हणाल्या, "आजी, वक़्त आपने बिल्कुल सही पकड़ा है, वजह दूसरी है." बाळ बाहेर आलं की वाढलेली तिन्ही हार्मोनं थोड्या दिवसांत धाडकन खाली येतात, आणि दुधासाठी जे प्रोलॅक्टिन वाढतं ते उलट रक्षण यंत्रणेला चेव आणणारं. बाळंतिणीचे सांधे या काळात दुखतात हे आपल्या आज्यांना दिसत होतं, त्यांनी त्याला वारा म्हटलं. आई एकदम खूश. घरी येईपर्यंत रिक्षावाल्याला पण सांगितलं असेल.

जाऊ घाबरली होती की आता दूध बंद करायला सांगतील. नाही सांगितलं. लहान डोसची प्रेडनिसोलोन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दूध पाजताना चालतं, तेवढ्यावर आठ-दहा दिवसांत मनगटाची सूज उतरली. मेथोट्रेक्सेट मात्र दूध सुटेपर्यंत नाही. ती सहा आठवड्यांची तारीख आधी दिलेली नसती तर आम्ही तीन महिने वारा-वारा करत ओव्याच्या धुऱ्या देत बसलो असतो. चारपैकी दोन स्टार त्या एका तारखेचे समजा.

वेटिंगमध्ये पण बरंच शिकायला मिळतं. एक काकू भेटल्या, ब्रेस्ट कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या, त्यांना लेट्रोझोलची गोळी चालू, जी शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन पण बनू देत नाही, आणि ती सुरू केल्यावर त्यांचे सगळे सांधे धरले. त्यांचं आणि माझं दुखणं एक नाही हे मॅडम सांगतात, पण हार्मोन काढून घेतलं की सांधे बोलतात एवढं तर दिसतंच. आणि आमचे हे, ज्यांना वाटायचं हा बायकांचा विषय, त्यांचा पायाचा अंगठा सुजला तर गाऊट, म्हणजे युरिक अॅसिड साठून होणारा संधिवात, निघाला! तिथे उलटं, बायकांना पाळी असेपर्यंत गाऊट सहसा होत नाही कारण इस्ट्रोजेन किडनीतून युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला मदत करतं, पाळी गेली की ते कवच पण जातं. मी यांना म्हटलं, बघा, तुमच्याकडे ते कधी नव्हतंच.

आता उरलेल्या तक्रारी. टोकन अकराचं दिलं म्हणजे अकराला नंबर लागेल असं समजू नका, सकाळी अकराला मॅडम येतात. शनिवारी उज्जैन, धार, खरगोनकडचे पेशंट येतात, तेव्हा तीन तास धरून चाला, खुर्च्या कमी आणि त्याही खाली खचणाऱ्या, गुडघेवाल्याला त्यातून उठायला माणूस लागतो. लिफ्टमध्ये एक व्हीलचेअर गेली की दुसरं कोणी मावत नाही. पार्किंग नाहीच, भिया लोक (इथले भाऊ-दादा) गाड्या लावतात त्या गल्लीत नशीब आजमावायचं. फी पहिल्यांदा ८०० आणि पुढे ५००, याला माझी हरकत नाही.

हरकत त्या डाएटच्या कागदाला आहे. रिसेप्शनवर हिंदीत छापलेला एक कागद मिळतो, टमाटर बंद, दही बंद, खट्टा बंद, उड़द बंद. मी दोन महिने इंदुरात राहून शेवेवर लिंबू पिळलं नाही! मग मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, असं काही नाही, जे खाल्ल्यानं तुम्हाला स्वतःला त्रास होतो ते सोडा, बाकी सगळं खा, वजन सांभाळा, कारण चरबी पण स्वतःची हार्मोनं बनवते आणि त्यातली काही सूज वाढवतात. मग तो कागद कोण वाटतंय आणि का? विचारलं तर रिसेप्शनवरची म्हणते पुराना छपा पड़ा है, खत्म होने दो.

एक चांगलं, मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. इथे प्रिस्क्रिप्शनवर वाराचं नाव लाल पेननं लिहितात, माझा रविवार, आणि कंपाउंडर तुमच्याकडून तोंडी वदवून घेतो, कौन सा दिन आंटी? मला तो आधी पोरखेळ वाटला. पण एका मेडिकलवाल्यानं माझ्या पाकिटावर सवयीनं "रोज १" लिहून दिलं होतं, तेव्हा तो लाल रविवार कामाला आला. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, आणि ठरलेल्या तारखांना लिव्हर आणि रक्ताच्या तपासण्या, त्या कुठल्याही लॅबमधून करून आणल्या तर चालतात, कटकट करत नाहीत.

थायरॉइड पण तपासायला लावला, कारण या आजारासोबत थायरॉइडचाही स्वतःवर उठण्याचा आजार बऱ्याच जणींत निघतो. माझा ठीक होता, जावेचा निघाला, आता ती त्याचीही गोळी घेते आणि तिचा जो थकवा आम्ही बाळंतपणावर ढकलत होतो तो बराच उतरला. विटॅमिन डी दोघींचंही तळाला. मॅडम म्हणाल्या नाव विटॅमिन असलं तरी ते काम हार्मोनसारखंच करतं, आणि अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासात, २०२२ मध्ये छापून आला, रोज २००० युनिट पाच वर्षं घेणाऱ्यांमध्ये असले आजार २२ टक्क्यांनी कमी निघाले. हे आजार होण्याआधीचं, झाल्यावर बरं करतं असं नाही, असंही लगेच जोडलं. म्हणून मी गच्चीवर दुपारची पापडं वाळवायला स्वतः जाते आता, आणि विटॅमिन डीचं पाकीट पण घेते.

जाणाऱ्यांसाठी: मंगळवारी किंवा बुधवारी जा. जुने रिपोर्ट, चालू सगळ्या गोळ्यांची पाकिटं (पुड्या खात असाल तर त्या पण, लपवू नका, मॅडम ओरडत नाहीत), आणि पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, बाळंतपणं कधी, हे घरूनच एका कागदावर लिहून न्या, तिथे नवऱ्यासमोर आठवत बसायला नको. ढिल्या बाह्यांचा ब्लाउज घाला, कोपर-खांदा बघतात. पोहे-जलेबी खाऊन जा, क्लिनिकच्या खाली चहाशिवाय काही नाही.

अपडेट, आठ महिन्यांनी: स्टेरॉइड उतरत उतरत बंद झालं, रविवारची गोळी चालू आहे. कचरा गाडीला आता ओला डबा मी स्वतः नेते, सुका अजून मुलगा. जावेचं बाळ उभं राहायला लागलंय. डाएटचा कागद अजून संपलेला नाही. नॉबबद्दल मी लेखी दिलं होतं, तर कंपाउंडर म्हणतो दरवाज़ा मकान-मालिक का है, तोपर्यंत कोपरानंच.